धोफारचं बंड नेमकं कशामुळे मोडलं? (ओमान, १९६५ ते १९७५)

नकाशावेडा (धागाकर्ता)

व्हिएतनामवर इथे दणदणीत धागे झाले, अल्जिरियावरही झाला. पण त्याच काळात अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर दहा वर्षं चाललेल्या युद्धाबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. धोफार हा ओमानचा दक्षिणेकडचा प्रांत, येमेनला लागून. किनाऱ्यावर सलालाचं मैदान, त्यामागे अर्धवर्तुळात डोंगर, म्हणजे जबल, आणि त्यापलीकडे वाळवंट. डोंगरातले लोक गुरं पाळणारे. त्यांची बोली अरबीपेक्षा वेगळी. त्यांना जबाली म्हणतात. सुलतान सईद बिन तैमूर सलालाच्या राजवाड्यात राहून राज्य करायचा आणि प्रजेवर त्याची बंधनं विलक्षण होती. १९७० पर्यंत अख्ख्या देशात तीन प्राथमिक शाळा आणि जेमतेम १० किलोमीटर डांबरी रस्ता. मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद व्हायचे.

पहिले हल्ले १९६३ मध्ये तेल कंपनीच्या गाड्यांवर झाले, ते मुसल्लम बिन नुफ्ल या बैत कथीर टोळीच्या माणसाने केले. ९ जून १९६५ ला धोफार मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा जाहीर केला. पुढच्याच वर्षी सुलतानाच्या स्वतःच्या धोफारी सैनिकांनी संचलन चालू असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. १९६७ मध्ये ब्रिटिश एडनमधून गेले, दक्षिण येमेनमध्ये डावे सत्तेवर आले आणि बंडाला पाठीमागे भक्कम देश मिळाला. १९६८ च्या हमरीन अधिवेशनात आघाडी पूर्ण मार्क्सवादी झाली. चीनची शस्त्रं येऊ लागली, नंतर सोव्हिएत रशियाची. ऑगस्ट १९६९ मध्ये किनाऱ्यावरचं रखयूत पडलं. १९७० च्या मध्यापर्यंत सगळा डोंगर आघाडीकडे. सुलतानाकडे उरलं सलाला, ताका, मीरबात, आणि सलालाभोवती काटेरी तारेचं कुंपण.

आणि तरी ११ डिसेंबर १९७५ ला नव्या सुलतानाने, काबूसने, युद्ध संपल्याचं जाहीर केलं. गनिमी काव्याने लढणारी, डोंगर हातात असलेली, शेजारी देशाचा आधार असलेली चळवळ हरली. त्या दशकात हे फार क्वचित घडलं.

माझं मत: हे युद्ध पाण्याने आणि माफीने जिंकलं. डोंगरात विहिरी खोदल्या आणि शरण आलेल्याला त्याच्या बंदुकीसकट आपल्या बाजूला घेतलं. बाकी सगळं दुय्यम. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

वाखुसा (वाचनखूण साठवली)! मीरबातच्या लढाईवर लिहा ना सविस्तर. नऊ माणसांनी अडीचशे जणांना रोखलं म्हणतात, ते खरं का?

तोफची

@रानवारा, खरं आहे, पण "नऊ माणसांनी" हे अर्धं खरं आहे. तोफखान्यात नोकरी झाली म्हणून या लढाईचा अभ्यास मी आवडीने केला आहे.

तारीख १९ जुलै १९७२. धोफारात तेव्हा खरीफ चालू असतो, म्हणजे आपलाच नैऋत्य मोसमी पाऊस. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्राकडचा डोंगर धुक्यात आणि झिमझिम पावसात बुडालेला. ढग इतके खाली की विमान उडत नाही. आघाडीने दिवस निवडला तो हा हिशेब करूनच. त्याआधी एक टोळी मुद्दाम दाखवून गावातले साठेक फिरकतवाले (सरकारच्या बाजूचे जबाली) बाहेर खेचले. मग पहाटे मीरबातवर हल्ला. गावात ब्रिटिश एसएएसचे (खास दलाचे) नऊ जण, कॅप्टन माइक कीली त्यांचा प्रमुख. त्यांच्याखेरीज उत्तर ओमानमधून आलेले जुन्या रायफली घेतलेले काही अस्करी (पहारेकरी), काही पोलीस आणि उरलेले फिरकतवाले. त्यांना मोजणीतून वगळणं अन्यायाचं आहे.

किल्ल्याशेजारी खड्ड्यात एक २५ पाउंडर तोफ होती. आमच्याकडेही ती बरीच वर्षं होती. तिला नीट चालवायला सहा माणसं लागतात. सार्जंट लाबालाबा, मूळचा फिजीचा, ती बराच वेळ जवळजवळ एकट्याने भरून डागत होता, तीही समोरून चालून येणाऱ्या माणसांवर थेट नेम धरून. हनुवटीला गोळी लागल्यावरही. शेवटी तो तिथेच पडला. त्याचा देशबांधव ताकावेसी गंभीर जखमी होऊनही लढत राहिला. मग ढग जरा वर उचलले आणि सलालाहून स्ट्राइकमास्टर विमानं ढगांखालून, अगदी जमिनीलगत आली. बदलीवर आलेलं एसएएसचं दुसरं पथक सुदैवाने सलालामध्येच होतं, ते हेलिकॉप्टरने उतरलं. तिथे लढाई फिरली.

आघाडीने आपले निवडक लढवय्ये त्या एका सकाळी पणाला लावले होते. त्यानंतर इतका मोठा हल्ला त्यांना पुन्हा जमला नाही. म्हणून धागाकर्त्यांना विचारतो, मीरबात पडलं असतं तर तुमच्या विहिरी कोणी खोदू दिल्या असत्या? आधी बंदूक, मग पाणी. क्रम उलटा लावू नका.

रानवारा

दंडवत तोफचीकाका. लाबालाबाबद्दल वाचून अंगावर काटा आला.

शाल्मली

बंडाची बाजू मांडायला कोणीतरी हवंच, म्हणून लिहिते.

१९६५ ते ७० या काळात सुलतानाच्या फौजेने डोंगरात काय केलं ते धाग्यात यायला हवं. विहिरी बुजवल्या, उडवल्या. वाड्या जाळल्या. डोंगरात धान्य जाऊ नये म्हणून कुंपणाच्या फाटकावर बायकांचीसुद्धा झडती. ज्या सरकारने पुढे पाणी "दिलं" त्याच्याच फौजेने आधी ते तोडलं होतं. आणि १९७० नंतरही पाण्याची चावी सरकारच्याच हातात होती. टोळीने साथ दिली तर पंप चालू, शत्रूला थारा दिला तर बंद, असा तो उघड सौदा होता.

दुसरं, आघाडीने डोंगरात जे केलं ते त्या भागात कोणी कधी केलं नव्हतं. गुलामी बंद केली. सुलतानाच्या वाड्यावर तेव्हा गुलाम होते! मुलींना शाळेत घातलं, बायकांना बंदूक दिली आणि लढायला पाठवलं. हौफमध्ये, येमेनच्या हद्दीत, त्यांची निवासी शाळा होती. ज्या देशात तीन शाळा होत्या तिथे बंडखोर डोंगरातल्या पोरांना लिहायला-वाचायला शिकवत होते. या चळवळीला केवळ चीन-रशियाचं बाहुलं समजू नये असं मला मनापासून वाटतं. तिथल्या बायकांचे फोटो मी पाहिले आहेत, खांद्यावर रायफल आणि चेहऱ्यावर कमालीचा ठामपणा. त्यांचं पुढे काय झालं याचा उल्लेख विजेत्यांच्या आठवणींमध्ये क्वचित असतो.

पुणेरी_कट्टा

रच्याकने (बाय द वे), सुलतान काबूस पुण्यात शिकायला होते आणि शंकर दयाळ शर्मा त्यांचे शिक्षक होते असा मेसेज दर दिवाळीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो. म्हणजे हे युद्धही शेवटी पुणेकरानेच जिंकलं म्हणायचं! :)

नकाशावेडा

@पुणेरी_कट्टा :) काबूसची नोंदलेली शैक्षणिक वाटचाल सलाला, इंग्लंडमधलं सफक, मग सँडहर्स्टची लष्करी अकादमी आणि पुढे ब्रिटिश फौजेत काही काळ, अशी आहे. भारतात शिकला तो बाप, सईद बिन तैमूर, अजमेरच्या मेयो कॉलेजात. आणि मुंबईचा खरा संबंध आजोबांचा. सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली, नंतर मुंबईत राहिले आणि १९६५ मध्ये तिथेच वारले. म्हणजे धोफारचा लढा सुरू झाला त्याच वर्षी.

@शाल्मली, सौदा होता हे शंभर टक्के मान्य. माझा मुद्दा इतकाच की तो चालला.

नाणेघाट

अवांतर, पण राहवत नाही. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगात काढलेले रुपये ओमानात १९७० पर्यंत चलनात होते. बाकीच्या आखाती देशांनी ते आधीच सोडले होते. म्हणजे बंडाच्या पहिल्या पाच वर्षांत तिथल्या बाजारात आपलाच रुपया फिरत होता. संग्राहकांना आज त्या नोटा सोन्याच्या भावाने घ्याव्या लागतात.

पशुवैद्य_कोल्हापूर

पहिल्यांदाच इतिहासाच्या धाग्यावर लिहितोय, कारण माझा विषय निघाला.

एसएएसचा कमांडिंग ऑफिसर जॉनी वॉट्स याने १९७० मध्ये धोफारसाठी पाच कलमी आराखडा मांडला: गुप्तवार्ता, लोकांपर्यंत माहिती पोचवणं, वैद्यकीय मदत, पशुवैद्यकीय मदत आणि स्थानिक धोफारींची सशस्त्र पथकं. चौथं कलम बघा! बंड मोडण्याच्या आराखड्यात गुरांचा डॉक्टर. ज्याने गोठा पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. जबाली माणसाची सगळी संपत्ती म्हणजे त्याची गाय. तिथली गाय अंगाने लहान, पण डोंगरात काटक. उन्हाळ्यात चारा संपला की या गुरांना वाळवलेली तारली मासळी खायला घालतात, हे मला एका तिथे काम केलेल्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा विश्वास बसेना. पण खरं आहे, उंटालासुद्धा घालतात.

ऑक्टोबर १९७१ मध्ये सरकारी फौज जिबजातला डोंगरावर चढली आणि पहिल्यांदाच वर टिकली. ही ऑपरेशन जॅग्वार. तिथे एक मजेदार पेच झाला. फिरकतवाले म्हणाले, आमच्या शेळ्या आणि गुरं बाजारात पोचवा, तोवर लढणार नाही. शेवटी फौजेने डोंगरातून शेकडो गुरं हाकत किनाऱ्यापर्यंत आणली, वरून लढाऊ विमानांचा पहारा! इंग्रज अधिकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला असेल. पण डोंगरातल्या लोकांनी पाहिलं की सरकार आपलं जनावर विकून रोख पैसा हातात देतंय. अशी खात्री पत्रकं वाटून मिळत नाही.

सलालाकर

पशुवैद्य साहेब, तारली अगदी खरी. किनाऱ्यावर मैलभर वाळत घातलेली असते, वास थेट आपल्या कोकणातल्या सुकटीच्या वाळवणीची आठवण करून देणारा.

मी सलालामध्ये नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली. जुलैत तिथे गेलात तर नारळ, केळी, पपई, हिरवे डोंगर, धुकं, आणि त्या धुक्यात चरणाऱ्या गाई-उंट. कोकणातला माणूस घरी आल्यासारखा रमतो. सप्टेंबर संपला की महिनाभरात सगळं तपकिरी. हे दोन ऋतू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते युद्ध कळत नाही. खरीफात आघाडीला झाडी, धुकं, पाणी सगळं मिळायचं, म्हणून १९७१ पर्यंत सरकारी फौज दर पावसाळ्यात डोंगर सोडून खाली यायची. म्हणजे दर वर्षी जिंकलेलं परत द्यायचं. गावकऱ्याने कशाच्या भरवशावर सरकारची बाजू घ्यावी? जॅग्वारनंतर फौज पहिल्यांदा खरीफातही वर राहिली. माझ्या मते खरा बदल तिथे झाला.

एक निरीक्षण. तिथल्या म्हाताऱ्या जबाली मंडळींशी बोलताना युद्धाचा विषय निघाला की ते फार सांगत नाहीत. एकाच घरात एक भाऊ आघाडीत आणि दुसरा फिरकतमध्ये असं असायचं. दोघंही नंतर एकाच ताटात जेवले. आम्ही परके, आम्हीही खोदून विचारत नसू.

तोफची

सलालाकर, फार मोलाचं लिहिलंत. पण मग मी माझा मुद्दा पुढे नेतो: फौज वर टिकली कशाच्या जोरावर? हेलिकॉप्टर, विमानं आणि नंतर इराण.

इराणच्या शहाने डिसेंबर १९७३ मध्ये फौज पाठवली. सुरुवातीला हजारभर, पुढे तीन-चार हजारांपर्यंत. त्यांनी सलाला ते थुमरैतचा बंद पडलेला रस्ता मोकळा केला. जानेवारी १९७५ मध्ये रखयूत परत घेतलं. जॉर्डनने इंजिनिअर आणि खास दलं दिली. सुलतानाच्या फौजेत बलुची शिपाई मोठ्या संख्येने होते. बलुचिस्तानातलं ग्वादर १९५८ पर्यंत ओमानचंच होतं ना.

आणि सगळ्यात महत्त्वाची हॉर्नबीम रेषा. मुघसैलच्या किनाऱ्यापासून आत डोंगर ओलांडून पन्नासेक किलोमीटर काटेरी तार, सुरुंग आणि मध्ये मध्ये चौक्या. १९७४ मध्ये ती पुरी झाली. आघाडीचा सगळा दारूगोळा येमेनमधल्या हौफहून उंटांच्या तांड्यांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचा. माणूस तारेखालून रांगत जाईल, उंट कसा जाणार? रेषेच्या पूर्वेकडचं बंड उपासमारीने सुकत गेलं. पाण्याने नव्हे, तारेने.

हिशेबनीस

दोघांच्याही मुद्द्यात पैसा राहिला. ओमानमधून तेलाची निर्यात १९६७ मध्ये सुरू झाली. म्हणजे जुन्या सुलतानाकडे शेवटच्या तीन वर्षांत पैसा येत होता, तो त्याने खर्च केला नाही. आपलं राज्य पूर्वी कर्जबाजारी होतं याची त्याला कायमची धास्ती होती. मग २३ जुलै १९७० ला मुलाने, ब्रिटिशांच्या संमतीने, त्याला पदच्युत केलं. झटापटीत सुलतानाच्या स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी त्याच्या पायाला लागली. लंडनला पाठवलं, तिथे १९७२ मध्ये वारला. आणि १९७३ च्या ऑक्टोबरनंतर तेलाचे भाव चौपट झाले. तार, विमानं, विहिरी, शाळा, फिरकतचे पगार, सगळं त्या भाववाढीतून आलं. तेल बॅरलला तीन डॉलरवरच राहिलं असतं तर १९७५ मध्ये युद्ध संपलं असतं का?

शाल्मली

@हिशेबनीस, हा प्रश्न फार आवडला. पण पैसा दोन्हीकडे येत होता, चीन आणि रशियाही काही रिकाम्या हाताने बसले नव्हते. फरक असा की १९७० मध्ये काबूस आला आणि आघाडीच्या मागण्यांपैकी निम्म्या त्याने स्वतःच पुऱ्या केल्या. शाळा, दवाखाने, गुलामी बंद, फिरण्यावरची बंधनं रद्द. ज्या सुलतानाविरुद्ध लोकांनी बंदूक उचलली तो सुलतानच उरला नाही.

नकाशावेडा

शाल्मलीताई, नेमकं हेच. आणि इथे आघाडीच्या आतलं भांडण आणायलाच हवं, ते अजून कोणी काढलं नाही.

१९६५ मध्ये बंडाला उभे राहिलेले बहुतेक लोक मार्क्सवादी नव्हते. त्यांना सलालातला जुलूम संपवायचा होता. १९६८ नंतर नेतृत्व बदललं. टोळ्यांची व्यवस्था मोडायची, धर्माला बाजूला सारायचं, गुरं-जमीन सामायिक करायची, असा आग्रह सुरू झाला. विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांना शिक्षा, काहींना मृत्युदंड. सप्टेंबर १९७० मध्ये पूर्वेकडच्या डोंगरात आघाडीच्याच जुन्या, धार्मिक वळणाच्या लढवय्यांनी याविरुद्ध उठाव केला. कट्टर गटाने तो चिरडला, आणि चिरडले गेलेले डोंगर उतरून सलालाला आले. नेमका तेव्हाच नव्या सुलतानाने माफी जाहीर केलेली होती.

त्यांच्यात सालिम मुबारक होता, आघाडीचा नावाजलेला माणूस. त्याने एसएएसला सुचवलं की आम्हाला वेगळ्या टोळीचं नव्हे, सगळ्या टोळ्यांचं मिळून पथक करू द्या. पहिली फिरकत, फिरकत सलाहुद्दीन, अशी उभी राहिली. फेब्रुवारी १९७१ मध्ये तिने सदह हे गाव घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सालिम मुबारक अचानक वारला आणि त्याच्यामागे ते मिश्र पथक टोळीटोळीत फुटलं. पुढच्या फिरकती टोळीनिहायच झाल्या. खुद्द मुसल्लम बिन नुफ्ल, ज्याने पहिली गोळी झाडली, तोही सुलतानाकडे आला. कैरोत आघाडीचं काम पाहणारे यूसुफ बिन अलवी पुढे ओमानचा परराष्ट्र कारभार कित्येक वर्षं सांभाळत होते.

तोफचीकाका, तारेने उंट अडवला हे खरं. पण डोंगरातली कुठली पायवाट कुठल्या घळीत उतरते आणि कुठल्या गुहेत धान्य आहे, हे फौजेला दाखवलं कोणी? कालपर्यंत त्या वाटांवरून रसद नेणाऱ्यांनी.

सलालाकर

रेडिओचा किस्सा राहिला. ट्रान्झिस्टर आधी फुकट वाटले, तर आघाडीचे लोक ते काढून घेऊन फोडायचे, आणि लोकही सोडून द्यायचे. मग ते सलालाच्या बाजारात स्वस्तात विकायला ठेवले. पदरचे पैसे मोडून घेतलेली वस्तू कोणी फोडली की माणूस चिडतोच!

पुणेरी_कट्टा

रेडिओवाल्याला पुणेरी व्यवहार कळत होता हे सिद्ध झालं. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट). :)

(पण खरंच, काबूसच्या मेसेजला आता ग्रुपवर नकाशावेडांचं उत्तर चिकटवणार आहे.)

रानवारा

एक प्रश्न. फिरकतवाले विश्वासू होते का? उद्या परत फिरले तर, अशी भीती फौजेला वाटली नाही?

तोफची

वाटलीच. जॅग्वारच्या ऐन भरात रमजान आला. लढणाऱ्यांना रोजे सोडायची धर्माने दिलेली मुभा काझीकडून मिळाली होती, तरी काही फिरकतींनी लढाई थांबवली. वॉट्स संतापला होता. दुसऱ्या टोळीच्या मुलखात जायला ते राजी नसत. शिस्तीच्या पलटणीला अशा लोकांसोबत काम करणं जीवघेणं वाटतं, हे अनुभवाने सांगतो. पण आपल्या मुलखात त्यांना तोड नव्हती. नकाशावेडांच्या पारड्यात हे वजन मी टाकतो. मात्र अख्खं पारडं नाही.

पशुवैद्य_कोल्हापूर

एक शंका. विहीर नक्की कशी ठरायची? डोंगरात कुठेही बोअर मारला की पाणी लागत नाही.

नकाशावेडा

क्रम असा असायचा. फिरकतला विचारायचं, तुमच्या मुलखातली तळासाठी जागा कोणती. फौज आणि फिरकत मिळून ती जागा घ्यायची. तात्पुरती धावपट्टी किंवा कच्चा रस्ता. मग बोअरचं यंत्र. पाणी लागलं की पंप, टाकी, जनावरांसाठी हौद. शेजारी नागरी मदत विभागाचं एक छोटं केंद्र: दुकान, दवाखाना, शाळा, मशीद. कोरड्या महिन्यांत मैलोगणती गुरं त्या हौदावर यायची, गुरांमागे माणसं, आणि माणसांबरोबर बातम्या. एवढं झालं की फौजेची मुख्य तुकडी पुढच्या जागी. धोफार ब्रिगेडचे प्रमुख जॉन एकहर्स्ट यांच्या काळात, १९७४ नंतर, हे जवळजवळ ठरल्या वेळापत्रकाने होत होतं.

शाल्मली

आणि ११ डिसेंबर १९७५ नंतर? लढे कागदावर संपतात तसे डोंगरात संपत नाहीत.

नकाशावेडा

छोट्या चकमकी पुढची काही वर्षं चालू राहिल्या. मार्च १९७६ मध्ये सौदीच्या मध्यस्थीने ओमान आणि दक्षिण येमेनमध्ये शस्त्रविराम झाला, त्यानंतर सीमेपलीकडून होणारा मारा थांबला. फिरकती मात्र बरखास्त केल्या नाहीत. पगार आणि बंदुका चालू राहिल्या.

तोफची

शेवटची मोहीमही नोंदवून ठेवतो, कारण तिच्यात दोन्ही बाजूंचे मुद्दे आहेत.

एप्रिल १९७२ मध्ये सरकारी फौजेने येमेन सीमेलगत सरफैतचं पठार हेलिकॉप्टरने जाऊन बळकावलं. कल्पना अशी की रसदीची वाट तिथेच तोडायची. पण पठार उंच, वाट खाली समुद्राजवळून, आणि मध्ये कडे. साडेतीन वर्षं फौज वर अडकून, तोफांचा मारा सोसत, सगळं हवाई मार्गाने मागवत. ऑगस्ट १९७५ मध्ये आघाडीकडे खांद्यावरून डागायची सॅम-७ क्षेपणास्त्रं आली, एक स्ट्राइकमास्टर पडलं, आणि हवाई मार्गही धोक्यात आला.

ऑक्टोबर १९७५ मध्ये सरफैतमधून खाली एक हूल द्यायची ठरलं, खरा हल्ला दुसरीकडून. मस्कत रेजिमेंट रात्री कड्यावरून उतरली, आणि विरोध जवळजवळ झालाच नाही. एकहर्स्टनी तिथल्या तिथे बेत बदलला, हुलीलाच मुख्य हल्ला केलं. फौज समुद्रापर्यंत पोचली, शेवटची वाट तुटली. डिसेंबरच्या सुरुवातीला किनाऱ्यावरचं धलकूत हाती आलं. १९७२ मध्ये अशक्य ठरलेली उतरण तेव्हा शक्य झाली, कारण खाली वाट अडवून बसायला आघाडीकडे पुरेशी माणसंच उरली नव्हती. ती विहिरींमुळे गेली, तारेमुळे गेली की माफीमुळे, यावर आपण पुढची पाच पानं भांडू शकतो.

रानवारा

भांडा! मी चहा टाकते. आणि नकाशावेडा, सरफैतचा नकाशा चढवा, कड्याची उतरण डोळ्यांपुढे येत नाहीये.